पुस्तिकेतले एक लाख किलोमीटर

पहिला झटका चढावर बसला. गाडीत चार माणसं, मागे सामान, तिसरा गिअर. ॲक्सिलरेटर जरा जास्त दाबला आणि गाडीनं आचका दिला, मागून कुणी धरून ओढल्यासारखा. दोन सेकंदांत ती पुन्हा सुरळीत चालायला लागली, म्हणून मीही तो विषय तिथेच सोडला. मग हळूहळू बाकीच्या तक्रारी सुरू झाल्या. सकाळी पहिल्यांदा चावी फिरवली की स्टार्टर नेहमीपेक्षा जास्त वेळ फिरायचा. गाडी उभी असताना स्टिअरिंगवर ठेवलेल्या बोटांना बारीक थरथर जाणवायची. ॲव्हरेजही उतरलं होतं, पण इतकं थोडं थोडं करत, की नेमकं कधीपासून ते सांगता आलं नसतं.

मी गाडीची पुस्तिका काढून बसले. देखभालीच्या तक्त्यात स्पार्क प्लगसमोर, म्हणजे ठिणगी पाडून इंजिनातलं पेट्रोल पेटवणाऱ्या भागासमोर, लिहिलं होतं: इरिडियम, दर १ लाख किलोमीटरला बदलावेत. इरिडियम हा त्यांच्या टोकाचा धातू. मीटरवर ९५ हजार आणि वर काही शे होते. म्हणजे मुदत संपायला अजून अवकाश होता. त्या एका ओळीच्या भरवशावर मी प्लग सोडून बाकी सगळीकडे शोधत राहिले. एअर फिल्टर बदलला, इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटल बॉडी साफ करून घेतली. काही फरक पडला नाही.

मग एक दिवस चेक इंजिनचा दिवा लागला. गॅरेजमध्ये स्कॅनर जोडला तर कोड आला पी०३०३. यातला शेवटचा आकडा सिलिंडरचा असतो. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, म्हणजे तिथलं पेट्रोल नीट न पेटणं. पी०३०३ म्हणजे तिसऱ्यात. पी०३०० आला तर मिसफायर एका ठरावीक जागी नाही, कधी इथे कधी तिथे होतोय. "तिसरी कॉइल गेलीय," असं निदान झालं आणि नवी कॉइल बसवली गेली. कॉइल म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज पुरवणारा भाग. प्लग कुणी बाहेर काढून पाहिला नाही, आणि मीही काढा म्हटलं नाही, कारण ती मुदत माझ्या डोक्यात पक्की बसली होती.

तीन आठवडे गाडी छान चालली. चौथ्या आठवड्यात पुन्हा चढ, पुन्हा झटका, आणि या वेळी दिवा नुसता लागला नाही, तो लुकलुकायला लागला. स्थिर दिवा आणि लुकलुकणारा दिवा यांत मोठा फरक आहे आणि गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला तो माहीत असावा असं मला मनापासून वाटतं. स्थिर दिवा सांगतो, लवकर दाखवून घ्या. लुकलुकणारा दिवा सांगतो की आत्ता या क्षणी सिलिंडरमध्ये न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपर्यंत पोचतंय आणि तिथे पेटतंय. कन्व्हर्टरच्या आतली सिरॅमिकची बारीक जाळी त्या उष्णतेनं वितळू शकते, आणि तो भाग चार प्लगच्या कितीतरी पट महाग असतो. मी पाय उचलला, गाडी अगदी हळू घरी आणली आणि नंतर दोन दिवस तिला हात लावला नाही.

माझ्या ओळखीचे एक काका आहेत, आयुष्यभर इंजिनं उघडत आलेले. फोनवर सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारलं, "प्लग बघितलेस का?"

"अजून लाख व्हायचेत, काका."

"लाख कुठल्या प्लगचे? तुझ्या गाडीत कुठले बसलेत ते तू पाहिलंयस?"

नव्हतं पाहिलं. गाडी मी घेतली तेव्हा ती ५८ हजार किलोमीटर चाललेली होती. त्याआधी कुणी काय बदललं याची कसलीही नोंद माझ्याकडे नव्हती. पुस्तिकेत लिहिलेले १ लाख किलोमीटर कारखान्यातून बसून आलेल्या प्लगचे होते, आणि मी ते सरळ गाडीच्या नावावर मांडले होते.

काका आले तेव्हा त्यांनी आधी प्लगला हात लावलाच नाही. तिसऱ्या सिलिंडरवरची कॉइल काढून पहिल्यावर लावली, पहिल्याची तिसऱ्यावर, स्कॅनरमधून कोड पुसला आणि आम्ही जवळच्याच एका चढावर गाडी नेली. थोड्या वेळानं कोड आला, आणि तो पी०३०३च होता. कॉइलमध्ये दोष असता तर तो तिच्याबरोबर पहिल्या सिलिंडरवर गेला असता आणि कोड पी०३०१ दिसला असता. ही अदलाबदल करायला दहा मिनिटं लागली. कॉइल विकत घेण्याआधी हे करून बघायला हवं होतं.

प्लग मात्र त्या दिवशी काढले नाहीत, कारण इंजिन तापलेलं होतं. हेड, म्हणजे प्लग ज्यात बसतात तो इंजिनाचा वरचा भाग, ॲल्युमिनियमचं असतं. गरम हेडमधून प्लग पिळून काढताना हेडचे मऊ आटे त्याच्याबरोबर ओढले जाऊ शकतात, आणि आटे गेले की काम प्लगपुरतं राहत नाही. रात्रभर गाडी गार होऊ दिली.

सकाळी कॉइलचे कनेक्टर सोडवले. त्यांच्या प्लॅस्टिकच्या खिट्ट्या वर्षानुवर्षं उष्णता खाऊन ठिसूळ होतात, म्हणून ओढायचं नाही, दाबून सोडवायचं. कॉइल वर उचलल्या की प्रत्येक प्लग एका खोल नळीच्या तळाशी बसलेला दिसतो. काकांनी टॉर्च मारून आत बघायला लावलं. तळाशी बारीक वाळू होती. प्लग सैल करण्याआधी त्या नळीत हवा मारून ती साफ करणं फार महत्त्वाचं, नाहीतर प्लग निघताक्षणी ती वाळू थेट सिलिंडरमध्ये पडते. मग १६ मिलिमीटरचा प्लगचा सॉकेट. त्याच्या आत रबराची पकड असते, तिच्यामुळे प्लग अलगद धरून वर येतो.

पहिला, दुसरा आणि चौथा सहज निघाले. तिसरा अर्धा फेरा फिरला आणि करकरायला लागला. मी जोर लावणार तेवढ्यात काकांनी हात धरला. आट्यांवर गंज सोडवणाऱ्या तेलाचे चार थेंब सोडले, पंधरा मिनिटं थांबलो, मग थोडा सैल, थोडा परत घट्ट, पुन्हा सैल, असं करत करत तो बाहेर आला. जुन्या प्लगबाबत किलोमीटरइतकीच वर्षंही मोजावीत, ते यासाठीच. कमी चालणाऱ्या गाडीत टोक झिजत नाही, पण आटे धरून बसतात.

तो प्लग मी उजेडात धरला. इरिडियमच्या प्लगचं मधलं टोक तारेसारखं बारीक असतं, बहुतेकदा ०.४ ते ०.६ मिलिमीटर. माझ्या हातात होतं ते जवळजवळ अडीच मिलिमीटर जाडीचं, पेन्सिलीच्या शिशापेक्षा जाड. नव्या प्लगमध्ये या टोकाच्या कडा धारदार असतात, इथे त्या वापरलेल्या साबणाच्या वडीसारख्या गोल झाल्या होत्या. त्याच्यावर कमान करून येणाऱ्या बाहेरच्या इलेक्ट्रोडला आतल्या बाजूनं खळगा पडला होता. काकांनी तारेच्या गेजनं गॅप, म्हणजे या दोन टोकांमधलं अंतर, मोजली. पुस्तिकेप्रमाणे ती १.१ मिलिमीटर हवी होती. निघाली १.४. प्लग साधा निकेलचा होता, आणि किमान ३८ हजार किलोमीटर तर माझ्याच हाताखाली चाललेला होता. त्याआधीचे किती, ते कुणालाच ठाऊक नाही.

मग सगळं जुळलं. गॅप जितकी मोठी, तितका ठिणगीला उडी मारायला दाब जास्त लागतो. इथे दाब म्हणजे विजेचा, हजारो व्होल्टचा. कडा गोल झाल्या की ही गरज आणखी वाढते, कारण धारदार कडेवरून ठिणगी सहज निघते, गुळगुळीत गोलव्यावरून निघत नाही. त्यात चढावर ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोलचं मिश्रण जास्त भरतं, दाबलेल्या हवेची घनता वाढते आणि तीच उडी अजून अवघड होते. म्हणून माझी गाडी सपाटीवर नीट चालायची आणि चढावर आचके द्यायची. नवी कॉइल ताज्या दमाची होती, तिनं तीन आठवडे तो ताण पेलला. झिजलेले प्लग तसेच ठेवले असते तर तीही अकाली गेली असती.

बाकीचे तीनही प्लग निकेलचेच, गॅप १.३च्या आसपास. चौघं एका ओळीत कापडावर मांडले. टोकावरचा सिरॅमिकचा भाग फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर ज्वलन ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त पडतंय किंवा प्लग पुरेसा तापत नाही. टोक तेलानं ओलं असेल तर तेल पिस्टनच्या रिंगांकडून किंवा व्हॉल्व्हकडून आत येतंय. पांढराफटक आणि फोड आलेला असेल तर प्लग गरजेपेक्षा जास्त तापतोय. माझे चारही फिकट तपकिरी होते. म्हणजे इंजिन निरोगी होतं, प्लग फक्त म्हातारे झाले होते. दुसऱ्याच्या बाहेरच्या अंगाला तेल लागलं होतं, पण टोक कोरडं होतं. याचा अर्थ तेल वरून, व्हॉल्व्ह कव्हरच्या सीलमधून नळीत उतरत होतं. ते सील मी याच खेपेला बदलून घेतलं, कारण ते तेल कॉइलच्या रबरी बुटाला फुगवतं आणि खराब करतं.

पहिल्या प्लगच्या पांढऱ्या सिरॅमिकवर, धातूच्या षटकोनाला लागून, तपकिरी पट्टा दिसला. मला वाटलं, इथून वायू गळतोय. काका म्हणाले, "नाही गं, हा कोरोनाचा, म्हणजे हवेत झिरपणाऱ्या विजेचा डाग. उच्च दाबाच्या विजेमुळे हवेतले तेलाचे कण तिथे येऊन चिकटतात. त्याचा काही त्रास नाही. सिरॅमिकवर उभी बारीक काळी रेघ दिसली तर मात्र घाबर, ती ठिणगी बाहेरून पळाल्याची खूण."

आता नवे कुठले घ्यायचे? इथे एक सापळा होता आणि मी त्यात पाय टाकणारच होते. जुन्या प्लगवरचा नंबर दाखवून तसेच आणायचे, असं माझ्या मनात होतं. म्हणजे आधीच्या मालकाची निवड मी पुढे चालवली असती. नंबर घ्यायचा तो पुस्तिकेतून, किंवा प्लग बनवणाऱ्या कंपनीच्या यादीत आपलं इंजिन शोधून.

प्रकारांचं म्हणाल तर नावांनीच बराच गोंधळ केलाय. ज्याला सगळे कॉपर प्लग म्हणतात त्याचं टोक तांब्याचं नसतं, निकेलच्या मिश्रधातूचं असतं. तांबं आत गाभ्यात असतं, उष्णता वाहून नेण्यासाठी, आणि तसा तांब्याचा गाभा महागड्या प्लगमध्येही असतो. निकेल १,४५५ अंश सेल्सिअसला वितळतं, प्लॅटिनम १,७६८ला आणि इरिडियम २,४४६ला. इरिडियम कठीणही आहे, म्हणून त्याचं टोक इतकं बारीक ठेवता येतं. बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टवर उडते आणि तरी ते टोक टिकतं. निकेलचे प्लग साधारण ३० ते ४० हजार किलोमीटरला बदलावेत, प्लॅटिनमचे ६० हजार ते १ लाखाच्या दरम्यान, चांगले इरिडियम १ लाख किंवा त्याहून पुढे. पण शेवटचा शब्द पुस्तिकेचा, आणि तोही तिनं सांगितलेलाच प्लग बसवला असेल तरच.

खोक्यावर इरिडियम लिहिलंय एवढ्यानं भागत नाही, हे मला निवड करताना कळलं. झीज दोन्ही इलेक्ट्रोडची होते. एनजीके या प्लग बनवणाऱ्या कंपनीचंच उदाहरण घ्या. त्यांच्या इरिडियम आयएक्समध्ये मधलं टोक इरिडियमचं आहे, पण बाहेरचा इलेक्ट्रोड निकेलचा. लेझर इरिडियममध्ये बाहेरच्या इलेक्ट्रोडवरही प्लॅटिनमचा ठिपका असतो. दोन्ही प्लग चांगले, पण लाखभर किलोमीटरची अपेक्षा दुसऱ्याकडूनच ठेवावी. काही इंजिनांत एकच कॉइल दोन सिलिंडरना एकदम ठिणगी देते. तिथे एका प्लगमध्ये वीज मधून बाहेर जाते आणि जोडीदारात बाहेरून मध्ये येते, त्यामुळे निम्म्या प्लगचा बाहेरचा इलेक्ट्रोडच जास्त झिजतो. अशा गाडीत दोन्ही बाजूंना मौल्यवान धातू असलेला प्लगच हवा.

ज्यांची गाडी मुळात निकेलच्या प्लगवर बेतलेली आहे, त्यांनी इरिडियम घालून ताकद वाढेल अशी आशा धरू नये. इंजिन ठीक असेल तर निरोगी निकेलची ठिणगीही मिश्रण तितकंच पेटवते. इरिडियमचे पैसे जातात ते टिकाऊपणासाठी. उलट दिशा मात्र महागात पडते. इरिडियमची गाडी निकेलवर चालते, छान चालते, आणि कुणीतरी लाखाचा हिशोब धरून बसतं. सीएनजी किंवा एलपीजीवर चालणाऱ्या गाडीत ठिणगीला जास्त व्होल्ट लागतात आणि टोकं लवकर झिजतात. तिथे गॅप सहसा कमी ठेवतात आणि प्लग लवकर बदलतात. टर्बो असेल तरीही मुदत आखूडच समजावी.

दुसरी गोष्ट हीट रेंज. प्लगचं टोक साधारण ४५० ते ५०० अंशांच्या वर तापलं पाहिजे, म्हणजे त्यावरची काजळी आपोआप जळून जाते. पण ८५० ते ९०० अंशांच्या पुढे जाता कामा नये, नाहीतर ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण त्या लाल टोकावर पेटतं आणि पिस्टनचं नुकसान होतं. हीट रेंज हा आकडा प्लग किती चटकन उष्णता हेडमध्ये सोडतो ते सांगतो. घोळ असा की कंपन्यांचे आकडे सारखे नाहीत. एनजीके आणि डेन्सोमध्ये मोठा आकडा म्हणजे थंड प्लग, बॉशमध्ये मोठा आकडा म्हणजे गरम. एनजीकेचा ६ हा डेन्सोच्या २० आणि बॉशच्या ७ च्या जागी बसतो. आकडा जुळला म्हणजे प्लग जुळला असं समजून दुसऱ्या कंपनीचा उचलायचा नाही, तक्ता बघायचाच. आट्यांची लांबीही अगदी तीच हवी. जास्त लांब प्लग पिस्टनला लागू शकतो.

मी पुस्तिकेतल्याच नंबरचे चार घेतले. नकली इरिडियम प्लग बाजारात बरेच असतात, म्हणून टोकावरचा जोड भिंगातून पाहिला. खऱ्या प्लगचा तो सांधा नीट, गोल आणि सरळ असतो, आणि सिरॅमिकवरची छपाई पुसट नसते.

बसवताना एक प्लग माझ्या हातून निसटला आणि फरशीवर पडला. वरून काही दिसत नव्हतं. काकांनी गेज लावला तर गॅप मिटली होती. ती उघडता आली असती, पण सिरॅमिकला आत केसासारखी चीर गेली असेल तर ती डोळ्यांना दिसत नाही, गाडीत बसल्यावर मिसफायर होऊनच कळते. तो प्लग बाजूला ठेवला आणि त्याच नंबरचा दुसरा मागवला. गाडी आणखी एक दिवस उभी राहिली. बाकी तिघांची गॅप फक्त मोजली, वाकवली नाही. इरिडियमचं टोक नाजूक असतं, नाण्यासारखा चपटा गेज त्यात घालून टेकू दिला की ते तुटतं. तारेचा गेज हळूच सरकवायचा. जुने इरिडियम किंवा प्लॅटिनम प्लग तारेच्या ब्रशनं घासू नयेत, तेही याचसाठी.

नवा प्लग बसवायची काकांची रीत मला फार आवडली. प्लगच्या मागच्या टोकाला रबरी नळीचा तुकडा खोचायचा आणि नळीनंच फिरवत आटे धरायचे. आधी उलटा फिरवायचा, आटे जुळताना बोटांना बारीक टक् जाणवतं, मग सुलटा. आटे वाकडे बसले असतील तर नळी हातातच घसरते, हेडचं नुकसान होत नाही. हातानं पूर्ण बसल्यावर टॉर्क रेंच, म्हणजे किती जोरानं आवळतोय ते दाखवणारा पाना. माझ्या इंजिनाला, १४ मिलिमीटरच्या आट्यांना, २५ न्यूटन-मीटर. टॉर्क रेंच नसेल तर वॉशरचा नवा १४ मिलिमीटरचा प्लग हातानं टेकल्यावर पान्यानं अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, त्यातून वॉशर चेपला जातो. वॉशर नसलेला, निमुळत्या बैठकीचा प्लग असेल तर फक्त एक सोळांश फेरा. मी आट्यांना ग्रीस लावायला निघाले होते, काकांनी तेही थांबवलं. आजच्या प्लगच्या आट्यांवर मुलामा असतो. वर ग्रीस लावलं की पाना तेवढाच टॉर्क दाखवतो आणि प्लग प्रत्यक्षात जास्त आवळला जातो. कॉइलच्या बुटाच्या आत मात्र वीज वाहू न देणाऱ्या डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात फिरवला.

चौथा प्लग दुसऱ्या दिवशी बसला. चावी फिरवली, स्टार्टर अर्ध्या सेकंदात सुटला. मी स्टिअरिंगवर बोटं ठेवून बसून राहिले. थरथर नव्हती. इतके महिने मी ज्याला गाडीचा स्वभाव समजत होते, ते सगळं त्या ०.३ मिलिमीटरमध्ये होतं. चढावर गाडी सरळ चढली. गाडी काही पूर्वीपेक्षा जोरदार झाली नाही, पण गमावलेलं तिला परत मिळालं. ॲव्हरेजही हळूहळू जुन्या आकड्यावर आलं.

जुन्या चारांपैकी तिसरा प्लग मी टाकला नाही, तो गेजसोबत डब्यात ठेवलाय. आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला एक पट्टी चिकटवलीय. तिच्यावर प्लगचा पूर्ण नंबर, इरिडियम हा शब्द, तारीख आणि ९६,४०० हा मीटरचा आकडा आहे. माझ्यानंतर ही गाडी जो कोणी घेईल, त्यानं बॉनेट उघडलं की त्याला कळेल, आत काय आहे आणि ते कधीपासून आहे.